सगळ्यांनी दिलेल्या गोळ्या

रिक्षामामा सीटवर अर्धेच बसत. सगळा भार उजव्या कुल्ल्यावर, डावी बाजू अधांतरी आणि धड रिक्षाच्या बाहेर कललेलं. समोरून येणाऱ्याला वाटायचं, हा माणूस पत्ता विचारायला वाकलाय. लोक थांबून त्यांनाच "कुठं जायचंय?" विचारताना मी दोनदा तरी पाहिलं आहे. त्यांच्या डाव्या बाजूला वीतभर सीट रिकामी दिसे. आमच्याकडे ड्रायव्हरच्या शेजारी एखाद्याला टेकवून घ्यायची पद्धत आहेच, त्यामुळे घाईतला कुणीतरी तिथं बसायला जाई. मामा हात आडवा घालत. "पावणं, तितं नका. ती जागा कमरेची हाय."

कंबर हे फक्त म्हणायला. दुखणं कमरेतून निघून कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत जायचं. डॉक्टरांनी त्याला सायटिका म्हटलं तेव्हापासून मामा तिच्याबद्दल एखाद्या खाष्ट नातेवाईक बाईसारखं बोलत. "आज सायटिका पाचलाच उठली." "काल सायटिकेनं जेवू दिलं न्हाय." पण तक्रारीचा सूर नसे. "देवानं दुखणं दिलं, पर बिनकामाच्या पायाला दिलं," ते म्हणत. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायानं लागतो, क्लच आणि गिअर डाव्या हातात. डाव्या पायाला रिक्षात काही कामच नसतं. "तो बसून बसून वैतागलाय, म्हणून बोंबलतोय."

आम्ही कळंब्याच्या बाजूला राहतो. माझा मुलगा निखिल बालवाडीपासून सातवीपर्यंत मामांच्या रिक्षातून शाळेला गेला. आता तो पुण्यात नोकरी करतो, त्याला दाढी आहे, पण मामांच्या लेखी तो अजून 'जांभूळ'च होता. मामा मुलांना नावानं हाक मारत नसत. मूल ज्या ठिकाणी चढे ते त्याचं नाव. गिरणी, डॉक्टरांचा कोपरा, पत्र्याचं शेड, जांभूळ. शाळा सुटली की फाटकाशी उभे राहून ते मुलांच्या डोक्याला एकेक टपली मारत मोजत, "गिरणी आली, शेड आलं, जांभूळ कुटं हाय?" आमच्या दारातलं जांभळाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. तिथं आता विजेचा डीपी आहे. मामांनी नाव बदललं नाही. "झाड गेलं म्हून जागा जाती व्हय?"

चार वर्षांपूर्वी माझी स्वतःची शीर धरली. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. गावोगावचे दुधाचे नमुने तपासायचे, बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, नोंदवायचं, हे माझं काम. एक दिवस बाटल्यांचा क्रेट वाकून उचलला आणि उभी राहू शकले नाही. मणक्यातली गादी सरकली होती. महिनाभर रजा, आणि एक दिवसाआड फिजिओथेरपी. स्कूटर बंद झाल्यामुळे मामांची रिक्षा लावली. दोघेही सायटिकावाले. रिक्षा खड्ड्यात गेली की दोघांच्या तोंडून एकाच वेळी "आई गं" निघे, आणि मग आम्ही हसायचो.

"ताई, तुमची कुटली? डावी का उजवी?"

"उजवी."

"मग बरं हाय. आपण दोघं मिळून एक माणूस चांगला हुतोय."

त्यांची औषधं ठेवायची जागा म्हणजे एक कंपासपेटी. कुठल्यातरी मुलानं रिक्षात विसरलेली, कुणी मागायला न आलेली. विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूला रबरानं बांधून ठेवलेली असे. सिग्नलला थांबलो की मामा ती उघडून मला दाखवत. त्यांनी गोळ्यांचे स्वतःचे प्रकार पाडले होते. एक दुखण्याची. एक पित्ताची, कारण दुखण्याच्या गोळीनं पोट जळतं. एक ढिलं करायची, म्हणजे आखडलेले स्नायू सोडवणारी. एक ताकदीची, लाल. "हिनं लघवी पिवळीजर्द हुती, दुसरा काय गुण न्हाय." आणि एक तारेची. शिरेतून जी ठिणगी सुटते ती विझवणारी म्हणून तारेची. तिच्याबद्दल ते जरा आदरानं बोलत. "बाकीच्या गोळ्या दुखण्याशी भांडत्यात. ही दुखण्याला निजवती." मला तेव्हा ते फार बरोबर वाटलं होतं. अजूनही वाटतं. तीच अडचण आहे.

मामांचा एक स्वभाव मात्र मला कधी कळला नाही. ते औषधाला नाही म्हणत नसत. कुणी दिलं की घेत. गिरणीच्या आजीनं कुरुंदवाडहून लसणाचं तेल आणून दिलं, ते लावलं. डॉक्टरांच्या कोपऱ्यावरच्या बाईंनी गुग्गुळाच्या गोळ्या दिल्या, त्या खाल्ल्या. एका मुलाचे वडील औषध कंपनीत होते, ते नमुन्याच्या पट्ट्या मूठभर देत. कुणी सांगितलं जयसिंगपूरला एकजण शीर बसवतो, तर मामा रविवारी एसटीनं जाऊन शीर बसवून आले आणि सोमवारी जास्त वाकडे बसले. मी एकदा विचारलं, "मामा, एवढं सगळं एकदम कशाला घेता?"

"लोकं एवढ्या मायेनं देत्यात. न्हाय कसं म्हणायचं?"

"घ्या, पण खाऊ नका."

त्यांना हा मार्ग फसवणुकीचा वाटला. "आजी सकाळी विचारतीया की, लावलं का तेल? मग काय सांगू?"

मी बरी झाले. दिवाळीआधी कपाट आवरताना माझ्या औषधांची पिशवी सापडली. अडीच पट्ट्या शिल्लक होत्या, मुदत वर्षभराची. फेकायचं जिवावर आलं. चांगलं औषध वाया का घालवायचं? दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात दिल्या. "मला गुण आला होता," मी म्हणाले. त्यांनी पट्ट्या डोक्याला लावून कंपासपेटीत ठेवल्या. झालं. मला ते दिवसभरही लक्षात राहिलं नाही.

त्यानंतरच्या महिनाभरात मामा बदलले. पण वाईटाकडे बदलले असं म्हणता येईना, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते सौम्य झाले. रस्त्यात आडव्या आलेल्या मोटरसायकलवाल्याला पूर्वी त्याच्या आजोबांपर्यंत उद्धारणारे मामा आता हात जोडून हसायचे. तोच प्रश्न दोनदा विचारायचे. एकदा भर दुपारी आमच्या फाटकाशी रिक्षा लावून दहा मिनिटं नुसतेच बसले. मी विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाय. कुटनं आलतो, ते आठवतोय." मी समजले चेष्टा करताहेत. मामी भाजी मंडईत भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "त्यांचा बा असाच झाल्ता. शेवटी शेवटी मला आई म्हणायचा." मामी काळजीत होत्या, पण त्याच दमात म्हणाल्या, "पर दुखणं कमी हाय हं. सरळ झोपत्यात आता." दुखणं कमी असेल तर चांगलंच की.

मग तो बुधवार आला. माझी सकाळची पाळी होती, एकला घरी येऊन भात टाकला होता. बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला, दोन लांब, एक आखूड. निखिल शाळेत होता तेव्हा असाच वाजायचा. दार उघडलं तर पायरीवर पाच वर्षांची एक मुलगी. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. मागे रिक्षात कललेले मामा.

"घ्या ताई. आज डबा सगळा खाल्लाय बघा."

"मामा, ही कोण?"

मामा हसले. "कोण म्हंजे? जांभूळ न्हवं का?"

मी मुलीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय चुकलं ते कळेना. ते एकदा डीपीकडे, एकदा पोरीकडे बघत राहिले. तोंडावरचं हसू तसंच, आणि डोळ्यांत भीती. मी त्या माणसाला कमरेच्या कळेनं पांढरंफटक पडलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मुलगी मात्र निवांत होती. तिनं चप्पल काढली, आत आली आणि म्हणाली, "इथं चिक्की आहे का?"

"चिक्की कशाला?"

"परवा आम्ही एका आजोबांकडे गेलो होतो. त्यांनी दिली. काका आता रोज नवीन घर दाखवतात."

नाव विचारलं तर ईश्वरी. घर विचारलं तर "तळ्याजवळ, आमच्याकडे दोन बदकं आहेत." बाकीची मुलं आधीच उतरली होती. ती आपापल्या घरी उतरली असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि नंतर खरोखरच उतरली होती असं कळलं. मामांना म्हटलं, "तुम्ही रिक्षातून खाली या आणि घरात बसा. किल्ली द्या." त्यांनी लहान मुलासारखी किल्ली दिली. ईश्वरीला स्कूटरवर पुढे उभी केली आणि तळ्याकडे निघाले. बदकं खरंच होती, त्यामुळे घर सापडलं.

तिची आई फाटकातच उभी होती. "उशीर झाला? मामा कुठं आहेत?"

मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं ठरवलं होतं. बाहेर आलं ते असं, "रिक्षा पंक्चर झाली. मी तिकडूनच येत होते." मला खोटं बोलायची सवय नाही. त्याची गरजही पडत नाही, दुधात पाणी असेल तर आहे म्हणून लिहायचं. पण सात मुलांची ती रिक्षा म्हणजे मामांचं तीस वर्षांचं आयुष्य होतं, आणि मी एक वाक्य बोलले असते तर ते त्याच दुपारी संपलं असतं. आणि नाही बोलले तर? तर उद्या कुणाचं पोर कुठल्या पायरीवर उभं असेल? दोन्ही बाजू तितक्याच खऱ्या होत्या. परत येताना मी एका सिग्नलवरून सरळ पुढे गेले आणि मागून हवालदाराची शिट्टी ऐकू आली.

घरी मामा सोफ्यावर बसल्याबसल्या झोपले होते. मी रिक्षातली कंपासपेटी काढून आणली, टेबलावर ओतली आणि जे महिनाभरापूर्वी करायला हवं होतं ते केलं. चिठ्ठ्या वाचल्या. चष्मा लावून, पट्टी उलटी करून, बारीक अक्षरं. पित्ताची वेगळी, दुखण्याची वेगळी. मग तीन पट्ट्या. एक हिरवी, एक जांभळी, एक निळी, तिन्हींची ठळक नावं निराळी. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तिन्हींवर एकच नाव, प्रीगाबालिन. मामांची तारेची गोळी. दिवसाला एकऐवजी तीन. हिरवी डॉक्टरांनी लिहून दिलेली. जांभळी नमुन्याची. निळी पट्टी कात्रीनं अर्धी कापलेली होती. ती कात्री माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली आहे.

संध्याकाळी मामींना घेऊन आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कंपासपेटी उघडली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे सगळं कुणी लिहून दिलं?"

"सगळ्यांनी," मामा म्हणाले.

"सगळे म्हणजे किती डॉक्टर?"

"डॉक्टर एकच. तुमी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "माझा मुलगा यांच्या रिक्षात होता." त्यात पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. एवढ्या गोळीनं झोप, चक्कर, गोंधळ हे सगळं होऊ शकतं. मामींनी विचारलं, "म्हंजे डोकं गेलेलं न्हाय?" डॉक्टर म्हणाले, "वयानंही होऊ शकतं. दोन्हीही असू शकतं. गोळी हळूहळू उतरवू, एकदम बंद करायची नाही. मग काय उरतंय ते बघू. तोवर रिक्षाला हात लावायचा नाही."

काय उरतंय ते बघू. पुढचे तीन आठवडे हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. पालकांना मी कळवलं की मामांची कंबर धरली आहे. हे निदान अर्धं खरं होतं. त्यांच्या ओळखीचा एक रिक्षावाला मुलं नेऊ लागला. मी रोज संध्याकाळी, रविवारी सकाळी, मामांच्या घरी जाऊन त्यांना तपासायची. दुसरा शब्द नाही. नमुना घ्यायचा आणि घरी येऊन विचार करायचा. पण दुधासारखं सोपं नव्हतं.

"मामा, आज वार कुठला?"

"रविवार."

"बरोबर."

"तुमी सकाळी आलाय म्हंजे डेरीला सुट्टी. म्हंजे रविवार."

आता हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण धरायचं, की वार आठवत नसल्याचं? मी घरी येऊन आमच्या ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "मलाही असाच कळतो." थांबे म्हणायला सांगितले तर मामा गिरणी, शेड बरोबर सांगत, मग मध्येच बारा वर्षांपूर्वीचं एखादं पोर चढवत. त्याचं नाव, त्याला प्रवासात उलटी व्हायची हे, त्याच्या आईचा आवाज, सगळं अचूक. चूक एवढीच की ते पोर आता दुबईत होतं. कधी दोन दिवस एकदम स्वच्छ जात, तिसऱ्या दिवशी मला "तुमच्या पोराचा युनिफॉर्म झाला का?" विचारत. मामी दाराआडून माझ्याकडे बघत. मी हो किंवा नाही काहीतरी खूण करावी अशी त्यांची अपेक्षा असे. मला कुठलीच करता येत नसे.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी गेले तेव्हा मामा अंगणात खाटेवर एका कुशीवर पडले होते. ओठ घट्ट मिटलेले. मला पाहून म्हणाले, "ताई, डोकं आलं. त्याच्या पाठोपाठ पाय बी आला." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून तो कुठं ठेवावा ते कळेना.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या पोरीच्या आईला काय सांगितलं तुमी?"

"पंक्चर झाली म्हणून."

मामा कुशीवरून उठून बसले. त्यासाठी त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत होते. "खोटं का सांगितलं?"

"तुमची रिक्षा बंद झाली असती."

"मग व्हायला पायजे हुती की! माजं मला ठाव नव्हतं मी कुटं हाय. आन् तुमी शिकलेल्या बाई, तुमी झाकलं?" आवाज इतका चढला की शेजारचा कुत्रा उठला. मामी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही वरच्या आवाजात बोलला नव्हता, आणि पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मामा सातही घरी चालत गेले. मी बरोबर जाते म्हटलं तर "नको" म्हणाले. प्रत्येक फाटकात उभं राहून त्यांनी एकच सांगितलं. गोळ्या जास्त झाल्या, डोकं जाग्यावर नव्हतं, तशात तुमचं पोर नेलं, चुकलं. गोळ्या कुणी दिल्या असं सगळ्यांनीच विचारलं असणार. "मीच खाल्ल्या," एवढंच ते म्हणाले. हे मला ईश्वरीच्या आईनं सांगितलं. माझं नाव कुठंही आलं नाही. पंक्चरचा विषयही निघाला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

मला वाटलं होतं लोक भडकतील. सातपैकी दोन घरांनी नको म्हटलं. ती दोन्ही अशी की ज्यांच्या मुलांना काहीच झालं नव्हतं. बाकीचे म्हणाले, मामा, आता बरे झालात ना, मग सोमवारपासून या. ईश्वरीच्या आईनं तर गळ घातली. ती म्हणाली, "रोज विचारते, काका कुठं गेले. नवीन काका सरळ घरीच आणतात म्हणून रुसते." मी त्या बाईच्या जागी असते तर? ठाऊक नाही. मी हा प्रश्न बऱ्याचदा स्वतःला विचारला आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं आहे.

मामांनी मात्र पाचही घरांना "न्हाय" म्हटलं. मामींना ते खरं वाटेना. "ह्या माणसाला न्हाय म्हणता येतंय, हे मला लगीन झाल्यापास्नं आता कळलं," त्या म्हणाल्या. मी मामांना म्हटलं, डॉक्टरही सहा महिन्यांनी बघू म्हणालेत, एवढी घाई कशाला? ते म्हणाले, "डोकं परत आलं, पर मधी जाऊन आलं की. आता पाठीमागं सात पोरं बसली तर मी रस्त्याकडं बघू, का डोक्याकडं?"

रिक्षा विकली गेली. जयसिंगपूरला त्यांची मुलगी असते, तिनं दोघांनाही बोलावून घेतलं. जायच्या दिवशी सकाळी मी पाळी बदलून घेतली आणि त्यांच्या घरी गेले. अंगणात टेम्पो उभा होता, त्यात कपाट आणि दोन खाटा चढवल्या होत्या. मामी आत भांडी बांधत होत्या. मामा ओट्यावर कललेले. मी भांडी बांधायला मदत करायच्या निमित्तानं आले होते, पण खरं कारण दुसरं होतं, आणि मला फिरवून बोलता येत नाही.

"मामा, त्यातली निळी पट्टी माझी होती."

"ठाव हाय की."

"मग तेव्हाच डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तुमी दिली, मी खाल्ली." "खरं सांगू का ताई? बाकीच्या कदी खायचो, कदी राहायच्या. तुमची मातूर एक दीस चुकवली न्हाय."

"माझीच का?"

"बाकीची लोकं ऐकीव देत्यात. तुमचं मी डोळ्यानं बघितलं. त्या येळंला व्यायामाच्या डॉक्टरकडं शेवटच्या दिवशी तुमी कठड्याला हात न लावता जिना चढून गेला. मी खाली रिक्षात बसून बघत हुतो. म्हटलं, ह्या बाईला ज्यानं गुण आला त्यानं मलाबी येणार."

टेम्पोवाल्यानं दोरी आवळली. माझ्यासमोर दोन रस्ते होते. गप्प बसायचं, किंवा सांगायचं. गप्प बसून काय होतं ते एकदा पाहून झालं होतं.

"मामा, तुम्ही बघताय म्हणून मी कठडा धरला नाही. वर जाऊन अर्धा तास बाकावर आडवी पडले होते. आणि ती निळी गोळी मी सहा दिवस घेतली आणि सोडली. चक्कर यायची, घरातला साधा हिशेब चुकायचा. म्हणून तर ती उरली."

आतून मामींनी भांड्यांचं पोतं ओढल्याचा आवाज आला.

"मग तुमाला गुण कशानं आला?"

व्यायामानं? विश्रांतीनं? त्या दुसऱ्या गोळ्यांनी, की नुसते दिवस गेले म्हणून? मी प्रामाणिकपणे विचार केला.

"माहीत नाही, मामा. खरंच माहीत नाही."

मामा हसायला लागले. हसताना कळ आली, तरी कंबर धरून हसत राहिले. मग काठीवर भार देऊन उठत म्हणाले, "मग हे सांगून गोळी द्यायची की, ताई."